गौरव्वाची एण्णी

कोर्टातले सहकारी म्हणायचे, बिराजदारबाई दिवसभर बोलतात, पण त्यात त्यांचं स्वतःचं एक वाक्य नसतं. खरंच होतं ते. मी दुभाषी होते. सांगली जिल्ह्यातल्या एका न्यायालयात (कोणत्या ते लिहीत नाही, माणसं अजून तिथं नोकरीला आहेत) कन्नडमध्ये बोललेलं मराठीत सांगायचं आणि मराठीत विचारलेलं कन्नडमध्ये, हे माझं काम. कागदावर मात्र मी लिपिक. दुभाष्याचं वेगळं पद पूर्वी होतं. ते बरीच वर्षं भरलं गेलं नाही, म्हणून गरज नसावी असं ठरून रद्द झालं. काम काही रद्द झालं नाही. ते ‘अतिरिक्त’ म्हणून माझ्या टेबलावर आलं, कारण मी जतच्या पूर्वेकडची. आमच्या घरात हिशोब मराठीत होतात आणि भांडणं कन्नडमध्ये.

सांगली जिल्ह्यात कन्नड कुठून आलं, असं पुण्यामुंबईची माणसं विचारतात. ते कुठून आलेलं नाही, तिथंच होतं. राज्यांची रेघ नंतर आली. आमच्याकडं एसटीची पाटी मराठी आणि आत बसलेली माणसं कन्नड बोलणारी, यात कुणाला नवल वाटत नाही. गावात त्यानं काही अडतही नाही. अडतं ते तालुक्याच्या पुढं आल्यावर. दवाखान्यात, पोलिसांत, कोर्टात.

एका मेंढ्यांच्या चोरीच्या खटल्यात एक धनगर म्हातारा साक्षीला आला होता. न्यायाधीशांनी विचारलं, “आजोबा, मराठी येतं ना?”

“येतंय की सायेब.”

“मग मराठीत सांगा.”

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. “शपत मराठीत घेतो,” म्हणाला, “खरं मातर कन्नडमधी सांगतो.”

सगळं कोर्ट हसलं, न्यायाधीशही हसले. बाहेर व्हरांड्यात तो माझ्याजवळ आला तेव्हा जरा खट्टू झाला होता. “हसाय काय झालं गं तायी? मराठीत बोलायचं तर आधी मनात जुळवाय लागतंय. जुळवल्यालं खरं कसं व्हईल?”

दुभाष्याच्या कामाचे नियम थोडे आहेत आणि सगळे कठीण आहेत. साक्षीदार ‘मी मारलं’ म्हणाला, की दुभाष्यानंही ‘मी मारलं’ म्हणायचं. ‘हा म्हणतोय की यानं मारलं’ असं म्हणायचं नाही. आपल्याकडचा एक शब्द घालायचा नाही, शिवी आली तर गाळायची नाही, अडखळणाऱ्याला सावरून घ्यायचं नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत नवीन आलेल्या एका पोलिसानं पट्टेवाल्याला हळूच विचारलं होतं म्हणे, “ह्या बाईनं तीन गुन्हे कबूल केलं, हिला आत का घेत न्हाईत?” बोलणारा रडला तर दुभाष्यानं गप्प उभं राहायचं. ते मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही, पण जमत नाही हे मी कुणाला दिसू दिलं नाही.

आता करारांविषयी सांगते.

जगातल्या देशांनी मिळून नागरी आणि राजकीय हक्कांचा एक करार केलेला आहे. आपल्या देशानंही तो फार पूर्वी मान्य केला. त्यात एक कलम असं, की ज्याच्यावर आरोप आहे त्याला तो आरोप त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितला पाहिजे आणि कोर्टाची भाषा येत नसेल तर दुभाषी फुकट दिला पाहिजे. दुसरं असं, की भाषेनं अल्पसंख्य असलेल्या माणसांना आपसात आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारला जाणार नाही. मला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. झालं असं, की वरून पत्र आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांवर साताऱ्यात एक कार्यक्रम आहे, त्यासाठी या कलमांची मराठी पुस्तिका करायची आहे, आणि भाषांतराची सवय असलेलं माणूस द्या. माणूस म्हणून मला दिलं.

मी त्या ‘नाकारला जाणार नाही’पाशी बराच वेळ अडले. इंग्रजीतही ते तसंच होतं. ‘दिला जाईल’ असं कुठं नव्हतं. माझ्या अनुभवात कुणी कुणाची भाषा नाकारलेली मला आठवेना. साहेब कधी कन्नड बोलू नको म्हणाले नव्हते. फक्त ती ऐकणारं पलीकडं कुणी नसायचं. पण कराराला सुधारणा सुचवणं हे लिपिकाचं काम नव्हे. मी जसंच्या तसं मराठीत उतरवलं आणि कागद द्यायला गेले, तेव्हा त्या अधिकाऱ्यांना म्हटलं, “साहेब, कन्नडमध्येही करून देऊ का? रविवारी घरी बसून होईल.”

“कशाला हो? कार्यक्रम सातारला आहे.”

“ज्यांचे हक्क आहेत त्यांना वाचता येईल.”

“कन्नडची तरतूद नाही मॅडम,” ते म्हणाले. माणूस चांगला होता. त्यांनी मला चहा पाजला.

कार्यक्रमाला मोठं सभागृह होतं. खुर्च्या भराव्यात म्हणून वडार आणि कैकाडी वस्तीतल्या, घरात आपली वेगळी भाषा बोलणाऱ्या बायकांना गाडीनं आणलं होतं. मंचावरचे पाहुणे निम्मं इंग्रजीत बोलले. माझ्या शेजारी बसलेली बाई, नऊवारीचा पदर घट्ट ओढून, बराच वेळ ऐकत होती. मग मला म्हणाली, “बाई, रेशनचं सांगत्यात का हो?” मी म्हटलं, तुमच्या भाषेचं सांगतायत. तिनं माझ्याकडं पाहिलं. “आमच्या भाषेचं? मग आमच्या भाषेत सांगाय काय झालंय?” तिला उत्तर देण्याआधी जेवणाची वेळ झाली.

त्या सभागृहात पुस्तिका मागून घेणारी एकच व्यक्ती मी पाहिली. कांबळे वकील. वडूजच्या. वडील मुंबईला गिरणीत, आई वडूजला शेतमजुरीला, त्यातून शिकलेल्या. वकिली सांगलीत करायच्या, आणि ज्यांना वकील करणं परवडत नाही अशांचे खटले विधी सेवेतून घ्यायच्या. “आवं, हे कामाचं हाय,” असं म्हणत त्यांनी पुस्तिका पर्समध्ये टाकली. मला वाटलं, ती पर्समध्येच राहील.

पुढं दोनेक वर्षांनी त्या आमच्या अभिलेख कक्षात आल्या. जुन्या फायलींची ती खोली. ‘मागणी नाही’ म्हणून माझं दुभाष्याचं अतिरिक्त काम तेव्हा बंद झालं होतं आणि मला तिथं बसवलं होतं.

“बिराजदारबाई, तुमी हितं बसलाय व्हय!” त्या म्हणाल्या. “आणि तिकडं माझी अशील खुनाच्या खटल्यात उभी हाय. चार साक्षीदार झाले. तिला त्यातला एक शब्द कळला नाही.”

अशील म्हणजे गौरव्वा.

सीमेजवळच्या खेड्यातली बाई, तिशीच्या आतली. नवरा, बायको आणि एक मुलगी, मिरजेकडच्या एका द्राक्षबागेत राहून मजुरी करायचे. नवरा दिवसभर बागेत औषध फवारायचा. औषध म्हणजे कीडनाशक. तोंडाला फडका, हातांत मोजे नाहीत. एका संध्याकाळी तो पोट धरून आला. ओकाऱ्या, घाम, डोळे फिरलेले. गौरव्वानं त्याला घरातलं एरंडेल पाजलं. पोट दुखलं की तिच्या आईनं तेच केलं होतं, आईच्या आईनंही. मग बागेतल्या गड्यांनी त्याला टेंपोत घालून मिरजेच्या एका दवाखान्यात नेलं. रात्र सरायच्या आत तो गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं, काय दिलं. तिला मराठी येत नव्हतं. मिरजेत निम्मे पेशंट कर्नाटकातून येतात, त्यामुळं वॉर्डबॉयना थोडं थोडं कन्नड येतं. त्यातल्या एकानं तिला विचारलं. ती म्हणाली, “एण्णी कोट्टेरी.” एण्णी दिली हो.

वॉर्डबॉयनं डॉक्टरांना सांगितलं, बाई म्हणते, औषध पाजलं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, ‘पत्नीने विषारी औषध पाजल्याचे ती सांगते.’ तपासणीत अंगात कीडनाशक निघालंच. ते कातडीतून गेलं होतं की फवारताना तोंडात उडालं होतं की आणखी कसं, हे विचारायची कुणाला गरज उरली नाही. बागेच्या मालकानं पोलिसांना सांगितलं, नवराबायकोची भांडणं होती. मजूर फवारताना मेला असं निघालं असतं, तर मालकाला बरंच काही निस्तरावं लागलं असतं. पण तो खोटं बोलला असंही मी म्हणू शकत नाही. भांडणं कुठल्या घरात नसतात.

एण्णी म्हणजे तेल. पण आमच्या भागात द्राक्षं आणि डाळिंबं आल्यापासून फवारायच्या औषधालाही एण्णीच म्हणतात. दारूलाही काही जण चेष्टेनं म्हणतात. जतच्या बाजारात उभं राहून कुणालाही विचारा.

पोलिसांनी तिला धरली. पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढं उभी केली तेव्हा त्यांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. तिनं हात जोडून म्हटलं, “हौद्री.” म्हणजे होय जी. मोठ्या माणसानं काही विचारलं की आमच्याकडच्या बायका आधी हौद्री म्हणतात, प्रश्न नंतर समजून घेतात. तक्रार काय, ते पुढं तिला सांगता आलं नाही. मग पुढच्या तारखांना ती गप्पच राहिली. तिचं गप्प राहणं सगळ्यांनी आपापल्या परीनं वाचलं.

मुलगी रेणुका तिच्याबरोबर तुरुंगात गेली. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ ठेवतात, पुढं ठेवत नाहीत. रेणुकाला सहावं लागतच होतं. दीर म्हणाला, आमच्या भावाला मारणारीचं पोर आम्ही सांभाळणार नाही. गौरव्वाची आई सीमेपलीकडं, म्हातारी, डोळ्यांनी अधू. मग बालगृह शोधलं गेलं. जागा साताऱ्यात मिळाली. सुरुवातीला पोरीला दोनदा आईच्या भेटीला आणलं. नंतर सोबत द्यायला माणूस नाही, गाडी नाही, परीक्षा आहे, असं होत गेलं.

कांबळे वकिलांनी पुढच्या तारखेला न्यायाधीशांपुढं अर्ज दिला आणि बरोबर ती पुस्तिका. सरकारी वकील मिस्किल गृहस्थ होते. म्हणाले, “मॅडम, हे जिनिव्हा न्हवं, सांगली हाय.”

“म्हणूनच हितं उभी राहून मागतेय,” कांबळे वकील म्हणाल्या. “दिल्लीनं सही केली ती कुणासाठी? जिनिव्हाच्या माणसांसाठी?”

न्यायाधीशांनी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. “करार मान्य करणं वेगळं आणि त्याचा कायदा होणं वेगळं,” ते म्हणाले. “पण याची गरजच नाही. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतला पुरावा समजावून सांगितला पाहिजे, हे आपल्याच कायद्यात आधीपासून आहे.” मग त्यांनी मान वर केली. “आहे ना? मग आजवर दुभाषी का नव्हता?”

करार दिल्लीनं मान्य केला होता, कायदा पुस्तकात होता आणि मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला फायलींवरची धूळ झटकत होते.

मला बोलावणं आलं. मी पिंजऱ्याजवळ जाऊन उभी राहिले आणि तिला आमच्या बोलीत म्हटलं, मी दुभाषी, आता इथं जे बोलतील ते मी तुला सांगेन. ती एकदम दचकली. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. डोळ्यांकडं नव्हे, तोंडाकडं; तहानलेलं माणूस तांब्याकडं बघतं तसं. “अक्का,” म्हणाली, “हे माझ्यावर काय म्हणतायत?”

खुनाचा आरोप आपल्यावर आहे, हे तिला ढोबळपणे माहीत होतं. तो कशावरून आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. मी सांगितलं: तू डॉक्टरांना म्हणालीस, विष पाजलं. तिनं कानांवर हात ठेवले. कोर्टात कानांवर हात ठेवू नयेत, पोलिसानं तिचे हात खाली केले.

झालेले चार साक्षीदार पुन्हा बोलवायचा आदेश झाला. त्यातला एक तो वॉर्डबॉय. पन्नाशीचा, दवाखान्यात आयुष्य गेलेला माणूस. मला त्याचा राग होता, पण तो राग त्यानं टिकू दिला नाही.

कांबळे वकिलांनी विचारलं, “एण्णी म्हणजे काय?”

“औषध जी. पेशंट आला की नातेवाईक म्हनत्यात, एण्णी कुडदान. आमी लिवून घेतो, औषध प्यालाय. शंभर डाव ऐकलंय.”

“तेलाला काय म्हणतात?”

“एण्णीच म्हनत्यात.”

“मग त्या बाईला तुम्ही विचारलंत का, कुठली एण्णी?”

मी गौरव्वाला ते सगळं कन्नडमध्ये सांगत होते. मग तो मान खाली घालून म्हणाला, “न्हाई विचारलं. गर्दी लय हुती. आनि मला एवढंच कन्नड येतंय ओ. मी काय दुभाषी न्हवं, मी वॉर्डबॉय हाय.”

न्यायाधीशांनी मला विचारलं, “तुमचं काय मत?” मी म्हटलं, दुभाष्याला मत नसतं. शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. तिच्या मनात कोणता होता ते तीच सांगू शकेल. शेवटी तिला विचारलं गेलं आणि ती म्हणाली, “औडल एण्णी. पोट साफ व्हावं म्हणून. एक पळी.” मी ते मराठीत सांगितलं: “एरंडेल. पोट साफ व्हावं म्हणून. एक पळी.” एवढं बोलायला तिला कित्येक वर्षं थांबावं लागलं होतं.

खटला त्यानंतरही रखडला. न्यायाधीश बदलले, डॉक्टर परदेशी गेले होते ते यायचे राहिले. माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना निकाल लागला. निर्दोष. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हौद्री,” आणि मग, “रेणुका कुठंय?” बागेच्या मालकावर पुढं काही झालं नाही. त्याच्यावर काही होतंच कुठं?

साताऱ्याला आम्ही तिघी एसटीनं गेलो. कांबळे वकील, गौरव्वा आणि मी. वाटेत गौरव्वा मला मराठी बोलून दाखवत होती. तुरुंगात ती मराठी शिकली होती, पण तुरुंगापुरती. लाईन, मोजणी, ताट, बराक, मुलाखत. तुरुंगात भेटीला मुलाखत म्हणतात.

बालगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी रेणुकाला बोलावलं. दोन घट्ट वेण्या, शाळेचा गणवेश, उंचीला आईच्या कानाला लागलेली. अधीक्षिकाबाई कौतुकानं म्हणाल्या, हिचं मराठी पाठांतर सगळ्यांत पहिलं असतं. पोरगी दारातच उभी राहिली. गौरव्वा उठली आणि वाटभर घोकलेलं वाक्य म्हणाली:

“रेणुका, मी मुलाखत आली.”

पोरीला काही कळलं नाही. ती अधीक्षिकाबाईंकडं बघायला लागली. मग गौरव्वाचा बांध फुटला आणि ती कन्नडमध्ये सुटली. मी सवयीनं सुरू केलं. “मी तुला टाकून गेले नव्हते. मला नेलं होतं. रोज मोजणीच्या वेळी मी तुझं नाव मनात घ्यायचे.”

रेणुका माझ्याकडं बघत होती. “तुमी?” तिनं विचारलं.

तिला वाटलं, आई मीच.

आयुष्यभर पाळलेला नियम मी तिथं मोडला. “मी नाही बाळ,” म्हटलं, “ही. ही म्हणते.” आणि मग प्रत्येक वाक्यामागं मी ‘ही म्हणते’ लावत गेले.

“तुला माझं बोलणं काहीच कळत नाही का, असं ही विचारते.”

“न्हाई.” पोरगी पायाच्या अंगठ्याकडं बघत बोलली. “आले तवा बोलायची मी. पोरी हसायच्या, चिडवायच्या. मंग सोडलं.”

“कधी सोडलंस?” मी विचारलं.

“आठवत न्हाई.”

हे गौरव्वाला सांगावं लागलं. माझ्या नोकरीत मी फाशीची शिक्षा मागणारं भाषण भाषांतरित केलं आहे, मेलेल्या लेकराच्या अंगावरच्या खुणा सांगितल्या आहेत. ‘मंग सोडलं’ हे दोन शब्द कन्नडमध्ये सांगताना माझी जीभ वळेना. गौरव्वानं ऐकून घेतलं. रडली नाही. तिनं पुढं होऊन पोरीच्या वेणीचं सुटत आलेलं रिबन पुन्हा बांधलं. पोरीनं बांधू दिलं, पण श्वास धरून, दवाखान्यात सुई टोचून घेताना धरतात तसा.

“घरी येशील का, विचार,” गौरव्वा मला म्हणाली.

मी विचारलं. रेणुकानं बराच वेळ विचार केला. ती उद्धट नव्हती, खरंच विचार करत होती. “तिथली शाळा कन्नड हाय न्हवं? मला काय कळायचं न्हाई. सगळी हसतील.” मग घाईघाईनं, “हिला वाईट वाटंल, तर सांगू नका.”

पण दुभाष्यानं गाळायचं नसतं. मी सांगितलं. गौरव्वा म्हणाली, “बरोबर हाय तिचं. पुन्हा एकदा तिला मुकी करू नका. इथंच शिकू दे.” आणि अधीक्षिकाबाईंना हात जोडले, दहावीपर्यंत हिला ठेवून घ्या म्हणून. परत येताना गाडीत कांबळे वकील खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. नागठाणे मागं पडल्यावर म्हणाल्या, “बाई, खटला जिंकला आपण. कोण जिंकलं वो पण?”

गौरव्वा गावी राहिली नाही. सासर तुटलेलं, आई तोवर वारलेली. ती साताऱ्याला परत गेली आणि एका खाणावळीत भाकरी थापायला लागली. रविवारी बालगृहात भेट असते. पहिल्या काही भेटींना मी जात होते. मग गुडघे दुखायला लागले, आणि मुख्य म्हणजे गरज कमी झाली. खाणावळीतलं मराठी तुरुंगातल्या मराठीपेक्षा बरं असतं. ते रेणुकाच्या कानाला ओळखीचं होतं.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी लिपिक आला, दुभाषी आला नाही. कांबळे वकील सांगतात, आता साक्षीदारापुढं मोबाइल धरतात. कन्नडमध्ये बोललं की पडद्यावर मराठी उमटतं. जतच्या म्हाताऱ्या बायकांची बोली त्याला कळत नाही, म्हणून वकील त्यांना ‘पुस्तकातलं बोला’ म्हणतात. त्या बायका मग हौद्री म्हणून गप्प बसतात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार कुठल्या भाषेत कुणाकडं करायची, हे एवढ्या वर्षांत मला कळलेलं नाही.

गौरव्वाचा अधूनमधून फोन येतो. काय गं, काही काम आहे का, म्हटलं की म्हणते, “इल्ला अक्का, सुम्मने.” काही नाही, असंच. मग ती खाणावळीतलं, भाजीच्या भावाचं, मालकिणीच्या सुनेचं भराभरा सांगते. तिला साऱ्या साताऱ्यात कन्नड बोलायला कुणी नाही. मी ऐकते. हल्ली तिच्या बोलण्यात मराठी शब्द जास्त येतात, हे मी तिला सांगत नाही.

गेल्या रविवारी दुपारी असाच फोन आला, पण आवाज वेगळा होता, घाईचा. “अक्का, पापणीला आपल्यात काय म्हणतात?”

“का गं?”

“रेणी विचारतेय. डोळ्यात कचरा गेला होता, मी काढत होते. तर म्हणाली, ‘तुमच्यात पापणीला काय म्हणत्यात?’ पहिल्यांदाच विचारलं अक्का तिनं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.” ती थांबली. “आणि मला आठवंना. जिभेवर आहे, येईना.”

“रेप्पी,” मी म्हटलं. “कण्णरेप्पी.”

“हां, हां! रेप्पी!” पलीकडं तिनं फोन बाजूला केला. ती रेणुकाला शब्द सांगत होती, दोनदा, हळूहळू, फोड करून. पोरीचा आवाज आला, “रेपी.”

तो शब्द तसा नाही, मधलं अक्षर जोरात आहे, एवढं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात गौरव्वा मराठीत म्हणाली, “व्हय, तसंच,” आणि फोन ठेवला.